बाराला बंद पडणारं मशीन

रोह्याच्या केमिकल कंपनीत मी लागलो, तेव्हा आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच होतो. वडील पेणजवळच्या मिठागरात राबायचे. मला कायम करायचं की नाही, हे सहा महिन्यांनी ठरणार होतं. पाचव्या महिन्यात कंट्रोल रूमला नवा एसी बसला आणि त्याचं बाहेरचं युनिट रोज दुपारी बाराला बंद पडू लागलं. आतली उपकरणं तापून भलतेच आकडे दाखवायची, प्लांट थांबवावा लागायचा. साहेबांनी बजावलं, शनिवारपर्यंत कारण सापडलं नाही तर तुम्हाला कायम करायच्या कागदावर माझी सही नाही.

मी व्होल्टेज मोजलं, गॅस तपासला, कॉइल धुतली. सगळं ठीक होतं. तरी बाराला मशीन थांबायचंच. इमारतीला वळसा घालून मागे पोचेपर्यंत दहा मिनिटं जायची. तिथे कुणी नसायचं. पंखा थांबलेला, समोरची जमीन ओली, आणि नाल्यापलीकडचे कावळेसुद्धा गप्प. थोड्या वेळाने मशीन आपोआप सुरू व्हायचं.

"ग्रॅज्युएट साहेब, बाराची येल हाय," ऑपरेटर म्हणाला. "मशीनला कलतं, तुम्हाला नाय कलत."

मला हसू आलं नाही. लहानपणी आई भर बाराला खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावर जाऊ देत नसे.

शुक्रवारी मी साडेअकरालाच जाऊन टाकीआड बसलो. बाराला थोडा अवकाश असताना झाडू मारणारी मावशी आली. तिने बादलीतलं ओलं गोणपाट मशीनवरून पंख्यासमोर सोडलं आणि हात जोडले. मशीनचा आवाज जड झाला. हवा अडली की आतला दाब वाढतो आणि मशीन स्वतःच बंद होतं. तसंच झालं. मग तिने गोणपाट काढून घेतलं; खाली ठिबकलेल्या पाण्याने जमीन ओली राहिली.

मी पुढे झालो. तिने नुसतं बोट दाखवलं. पंख्याच्या बरोबर समोर, गवतात, शेंदूर लावलेला एक दगड होता.

"राखणदार हाय गावाचा. बाराला फिराया निघतो. त्याच्या तोंडावर आग फेकता तुम्ही," ती म्हणाली. "तुझा बापूस नाय देत राखण?"

वडील दरवर्षी बांधावर नारळ देत. युनिट कुठे वळवता येईल, ते मी पाहू लागलो.

शनिवारी फिटरला घेऊन युनिटचं तोंड नाल्याकडे फिरवलं. बारा वाजून गेले, मशीन चालू राहिलं. रिपोर्टात मी 'हवेला अडथळा' एवढंच लिहिलं. मावशीचं काम जायला नको होतं. साहेबांनी सही केली.

सोमवारी मी मावशीला पेढा दिला.

"बरा केलास," ती म्हणाली. "मंगलवार-बुधवार मी कोलाडला लेकीकडं व्हते. जीव थाऱ्यावर नव्हता. त्याला आडोसा कोन करील?"

मी कंट्रोल रूममध्ये जाऊन मशीनच्या नोंदींची वही उघडली. मंगळवार, बारा वाजता बंद. बुधवार, बारा वाजता बंद. अक्षर माझंच होतं. दोन्ही दिवशी मी मागे गेलो होतो. जमीन ओली होती.

सही झालेला कागद माझ्या खिशात होता. मी वही मिटली.

त्या वर्षी राखण देताना मी वडिलांकडून एक नारळ जास्तीचा मागून घेतला. कुणासाठी, ते त्यांनी विचारलं नाही.