मालनबाईंनी तोंड उघडलं

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात माझ्या उपकेंद्राच्या चार गावांतली निम्मी माणसं घरी राहतच नव्हती. ती छावणीत होती, जनावरांजवळ. मांजरसुंब्याच्या अलीकडे मुरमाड माळावर महिलांच्या दूध सोसायटीनं चारा छावणी चालवायला घेतली होती. हिरव्या जाळीखाली नऊशे जनावरं, आणि प्रत्येक दावणीशी एक म्हातारा किंवा म्हातारी. तरणी माणसं नुकतीच कारखान्यांवरून ऊस तोडून परतली होती, पण ती दुसऱ्या कामांच्या मागं. दावणीला बसायचं काम म्हाताऱ्यांचं.

मी शिवकन्या, तिथली आरोग्य सेविका. त्या वर्षी आम्हाला तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाची तपासणी करायची होती. रक्तदाब, साखर, आणि कर्करोग. बायकांच्या बाकीच्या तपासण्यांना आडोसा लागतो. छावणीत आडोसा कुठला? म्हणून मी ठरवलं, निदान तोंडं तरी बघू. आमच्याकडं पुरुष तंबाखू मळतात आणि बायका मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी करून तिची पूड हिरड्यांना घासायची. सकाळी एकदा, दुपारी एकदा, काहीजणी तर दिवसभर.

प्रवेशाच्या मांडवाशेजारी एक खुर्ची मांडली, बॅटरी आणि लाकडी पट्ट्या काढल्या आणि बसले. तास झाला तरी कुणी फिरकलं नाही. दुखत नसताना तोंड कशाला दाखवायचं, असं सगळ्यांचं म्हणणं. एक म्हातारबा तर म्हणाले की तोंड जनावराचं बघतात, बाजारात, विकत घेताना.

मग मालनबाई आल्या. तपासायला नाही, टेकायला. माळावर त्या वेळी सावलीतली खुर्ची तेवढीच होती.

मालनबाईंचं वय तेव्हा चौसष्ट. गावातल्या बौद्ध वस्तीवर त्यांचं घर. नवरा गवंडी होता, तो जाऊन वीस वर्षं झालेली. मुलगा भारत चाकणला कंपनीत. बाई एकट्या राहायच्या, एक म्हैस आणि दोन गाया सांभाळून. सोसायटी निघाली तेव्हा वस्तीवरून दूध घालणारी ही एकटीच बाई होती. पाच वर्षं त्यांनी दूध घातलं. मग एका सकाळी सोसायटीच्या सचिव मुक्ताबाईंनी त्यांचं दूध परत केलं. लॅक्टोमीटरवर डिग्री कमी लागते, पाणी घातलंय, असं रांगेतल्या सगळ्यांसमोर सांगितलं. मालनबाई एक शब्द बोलल्या नाहीत. भांडं उचललं आणि चालायला लागल्या. त्या दिवसापासून त्या रोज सहा किलोमीटर चालून फाट्यावरच्या धाब्याला दूध घालायच्या. या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. दोघींचं बोलणं बंद होतं. छावणीत जागा नंबरानं मिळाल्या, आणि नेमक्या दोघींच्या दावणी शेजारी शेजारी आल्या. तीन महिने दोघी एकमेकींकडं पाठ करून बसत होत्या.

मी म्हणाले, "मावशी, बसलाच आहात तर तोंड बघू का?"

"बघ काय बघायचं ते," त्या म्हणाल्या. "हात शेणाचे हायत, मला काही धरायला देऊ नको."

डाव्या गालाच्या आत, मागच्या दाढेपाशी, पांढरा चट्टा होता. मधे तांबूस. कापसानं पुसला, पुसला गेला नाही. असले चट्टे मी तोवर प्रशिक्षणातल्या चित्रांत पाहिले होते. माझा हात थांबला, आणि ते त्यांना कळलं.

"क्यान्सर हाय का?"

"मला नाही सांगता येत, मावशी. बीडला तुकडा काढून तपासतील, तेव्हा कळेल."

"दुखत तर न्हाई."

मी सांगितलं की दुखत नाही तेव्हाच जायचं असतं. दुखायला लागल्यावर डॉक्टरांच्या हातात फार राहत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग दावणीकडं बघत म्हणाल्या, "पाऊस पडू दे. मग जाईन."

त्यांचं खरं होतं. छावणीत रोज सकाळी मोजणी व्हायची. जनावराच्या कानातला बिल्ला बघायचा आणि मालकानं हजर असायचं. मालक नसला तर जनावराचं नाव कमी व्हायचं, मग त्याला ना चारा ना पाणी. गावात तर टँकरचं पाणी माणसांनाच पुरत नव्हतं.

शेजारच्या दावणीवर मुक्ताबाई हे ऐकत होत्या. साठीच्या पुढच्या, अंगानं भरलेल्या, गावातल्या मोठ्या शेतकरी घरातल्या. मी त्यांनाही बोलावलं. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि आपण तंबाखूला कधी शिवलोही नाही, असं सांगितलं. मी आग्रह केला नाही. मोठ्या घरची बाई, सोसायटीची सचिव, आणि ऊन डोक्यावर आलेलं. त्यांच्या नावापुढं मी 'नकार' लिहिलं आणि पुढं गेले. याचा विचार मी नंतर खूप केला आहे.

तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले तेव्हा मुक्ताबाईंनी मला टँकरमागं गाठलं. बीडला किती दिवस लागतात, ऑपरेशन झालं तर किती, असं सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "तिला सांग, जनावरं बघायला माणूस मिळालंय. माझं नाव घेऊ नको."

पण मालनबाईंनी कोण माणूस म्हणून विचारल्यावर मला खोटं बोलता आलं नाही. त्या उठल्या, म्हशीचं दावं सोडलं आणि मुक्ताबाईंच्या खुंट्याला नेऊन बांधलं. मुक्ताबाईंकडं न बघता, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, त्या एवढंच बोलल्या की ही पुढ्यात सरकी असल्याशिवाय धार काढू देत नाही, आणि तांबडी गाय डावीकडून गेलं की लाथ मारते. मुक्ताबाईंनी मान हलवली. अकरा वर्षांनी दोघींमधलं पहिलं बोलणं ते.

भारत चाकणहून आला आणि आईला बीडला घेऊन गेला. तुकडा तपासला, दहा दिवसांनी कागद आला. कर्करोगच होता, पण अगदी सुरुवातीचा. औरंगाबादला ऑपरेशन झालं. गालाच्या आतला भाग काढला, मानेतल्या गाठी काढल्या. शेक, म्हणजे किरणोपचार, द्यायची गरज पडली नाही. डॉक्टर भारतला म्हणाले, आणखी वर्षभर थांबला असतात तर जबडा काढावा लागला असता.

इकडं मुक्ताबाई रोज सकाळच्या मोजणीला दोन नावांना 'हजर' म्हणत होत्या. मोजणी करणाऱ्यांनी एकदा हरकत घेतली. तेव्हा त्यांनी सचिवपणाचा सगळा आवाज लावून त्यांना गप्प केलं, असं मला नंतर कळलं.

पाच आठवड्यांनी मालनबाई परत आल्या. जुलै लागला होता, आभाळ कोरडंच होतं, छावणी चालू होती. मानेला रुमाल, तोंड वाकडं, बोलणं जड. जनावरं पाहिली. तिन्ही होती तशी होती, म्हैस तर अंगानं जरा सुधारलेली. मुक्ताबाईंनी त्यांच्यासाठी पातळ पेज करून ठेवली होती. दुपारी दोघी एकाच जाळीखाली जेवायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मालनबाई चालत माझ्या उपकेंद्रावर आल्या. मला वाटलं, टाक्यांना काही झालं. पण त्या म्हणाल्या, "मुक्ताबाईच्या तोंडात काहीतरी हाय. त्या भाकर चावत न्हाईत. दुधात कुस्करतात आन् एका बाजूनं गिळतात. तू चल."

मी लगेच निघाले. मुक्ताबाईंनी पुन्हा पदर ओढला. दाढ दुखते म्हणाल्या, लवंग धरलीय म्हणाल्या. मी समजावत होते. तेवढ्यात मालनबाई त्यांच्या समोर जमिनीवर बसल्या. मानेचा रुमाल काढला, बोटानं स्वतःचा गाल बाहेर ओढला आणि आतली टाक्यांची जागा त्यांना दाखवली.

"हे बघा. एवढंच हाय. आता तुमी दावा."

मुक्ताबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी तोंड उघडलं. दोन बोटं जेमतेम जात होती. खालच्या हिरडीवर जखम होती, कडा वर आलेल्या, आणि मानेत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. त्यांनी हळूहळू सांगितलं. मिश्री त्या बाराव्या वर्षापासून लावत होत्या. सासर मानाचं, म्हणून गोठ्यात जाऊन, कुणाला न कळू देता. जखम दिवाळीपासूनची. ज्या दिवशी मी खुर्ची मांडून बसले होते, त्या दिवशीही ती होतीच.

त्यांचा उपचार वर्षाच्या शेवटापर्यंत चालला. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. औषधं आणि शेक. मुलगा शहादेव सोसायटीच्या कामात, सुना लेकराबाळांत. बहुतेक वेळा एसटीनं मालनबाईच सोबत जायच्या. औरंगाबादच्या दवाखान्याच्या बाकावर दोघी दिवस दिवस बसून राहायच्या. तिथं एकदा मुक्ताबाई म्हणाल्या, "त्या दिवशी दूध तुझं पातळ नव्हतं, मालन. आमच्याच घरचं होतं. शहादेवनं पाणी घातलेलं. डेअरीची तक्रार आली तेव्हा मी त्याला झाकायला तुझं नाव घेतलं."

"मला म्हाईत हाय," मालनबाई म्हणाल्या.

"मग बोलली कावून न्हाईस?"

"कुणी ऐकलं असतं?"

हे मला मालनबाईंनीच सांगितलं, फार नंतर, आणि सांगताना आवाज जराही चढवला नाही.

जानेवारीत सोसायटीची सभा होती. मुक्ताबाईंना चालवत नव्हतं, तरी रिक्षा करून आल्या. सोबत मालनबाई होत्या. मीही त्या दिवशी लसीकरणासाठी तिथंच होते. मुक्ताबाई उठून उभ्या राहिल्या, पदर बाजूला केला आणि बोलायला लागल्या. पण शेकानं जीभ आखडली होती. शब्द उमटत नव्हते. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. अध्यक्षांनी त्यांना आदरानं बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि हातानं मालनबाईंकडं दाखवलं.

त्यांचं बोलणं समजणारी तिथं एकच बाई होती. सहा महिने तीच त्यांच्यासोबत हिंडत होती. तिनं एक वाक्य फोडून सांगितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. मालनबाई खाली बघत बसून राहिल्या. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माझी बाजू मीच कशी सांगू? त्यांनी सांगायची होती. त्यांनी सांगितली."

सभेत कुणाला काय समजलं ते मला माहीत नाही. शहादेव मात्र मधेच उठून बाहेर गेला. दोन दिवसांनी तो मालनबाईंच्या घरी गेला, वस्तीवर, आयुष्यात पहिल्यांदा. उंबऱ्याबाहेर उभा राहून तुमचं दूध सोसायटीला घाला, असं म्हणाला. म्हैस आटलीय, व्याली की बघू, एवढंच त्या बोलल्या. त्याला आत बसवून चहा दिला. म्हैस व्याल्यावर त्यांनी दूध घालायला सुरुवात केली.

मुक्ताबाई फेब्रुवारीत गेल्या. शेवटचे चार दिवस पाणीसुद्धा उतरत नव्हतं. मालनबाई वाटीत कापूस भिजवून त्यांचे ओठ ओले करत बसल्या होत्या. त्या घरात पूर्वी त्यांना ओसरीच्या वर जाता येत नसे.

त्यानंतर मी गावोगाव तपासणीला निघाले की मालनबाई सोबत यायला लागल्या. कुणी त्यांना नेमलं नव्हतं. त्यांना जास्त बोलताही येत नसे. तिखट चालत नसे, तोंडातून लाळ गळे म्हणून हातात सतत फडकं असे. कुणी नाही म्हणालं की त्या समोर बसायच्या आणि आपलं तोंड उघडून दाखवायच्या. मीसुद्धा पहिल्याच भेटीत 'नकार' लिहून टाकणं सोडलं. रकाना रिकामा ठेवते आणि पुन्हा जाते, एकदा, दोनदा.

सगळ्यांचं चांगलंच झालं असं नाही. बन्सीआबा म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ होते. त्यांच्या जिभेच्या कडेला कर्करोग निघाला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पण छाती कमजोर आहे, धोकाही आहे, हेही सांगितलं. आबांनी नको म्हटलं. मी मालनबाईंना म्हणाले, तुम्ही समजावून बघा. त्या गेल्या, दुपारभर बसल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "त्यांना समजलंय सगळं. समजून न्हाई म्हणतेत. आता दुखायचं औषध तेवढं मिळू दे." आम्ही ते मिळवून दिलं. आबा सव्वा वर्ष जगले, आणि मालनबाई दर आठवड्याला त्यांच्याकडं जात राहिल्या.

त्यांच्या स्वतःच्या ऑपरेशनला पाच वर्षं झाली तेव्हा औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता सहा महिन्यांनी यायची गरज नाही, वर्षातून एकदा आलात तरी चालेल. मालनबाई घाबरल्या. आपल्याला विसरतात की काय, असं त्यांना वाटलं. मी समजावलं, हे चांगलं लक्षण आहे. त्यांना पटलं नाही. सहावा महिना आला तशा त्या माझ्याकडं आल्या.

मी गालाच्या आत पाहिलं, जिभेखाली पाहिलं, मानेवर बोटं फिरवली.

"काही नाही, मावशी. साफ आहे."

"नीट बघितलं?"

"नीट बघितलं."

त्यांनी फडक्यानं तोंड पुसलं आणि उठल्या. दारात पंधरा मिनिटांपासून वत्सलाबाई घुटमळत होत्या. वय सत्तर, पहिल्यांदाच आलेल्या, हाताची मूठ पदरात. मालनबाईंनी त्यांचं मनगट धरलं, आत आणलं आणि त्या बसेपर्यंत सोडलं नाही.