एकादशीची गोळी

माझी सून इथे बडोद्यात फतेगंजजवळ एका प्रयोगशाळेत काम करते. तिथे उंदरांना फिट आणतात आणि मग ती थांबवायला बघतात. काही उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी लावतात, काहींना नवी रसायनं देतात आणि काहींना काहीच देत नाहीत. हे शेवटचे कशाला ठेवता, म्हणून मी विचारलं. म्हणाली, "फरक कळायला, बाबा."

मलाही म्हातारपणी फिट यायला लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्कूटर बंद केली. बराच काळ फिट आली नाही तरच किल्ली परत, म्हणाले. गोळ्यांचं मला काही वाटलं नाही. स्कूटरचं वाटलं. बडोद्यात मी आजवर कुणाच्या मागे बसून फिरलेलो नाही.

"माझ्याही डोक्यात लाव की त्या पेशी," मी सुनेला म्हटलं. "सही करतो. सही येते मला."

"आमच्याकडे ते अजून उंदरांपुरतंच आहे. तुमचं गोळीवर भागतंय ने?"

भागत होतं. फिट थांबली होती, किल्ली जवळ आली होती. तेवढ्यात मोठी एकादशी आली; मी तेवढ्या मोठ्याच पाळतो. मी चौथीच शिकलो, पण नंदेसरीला गोळ्यांच्या कारखान्यात जन्म काढलाय. गोळी बांधून राहायला तिच्यात मक्याचा स्टार्च घालतात. त्या गोण्या मीच ओतल्यात. मका म्हणजे धान्य आणि एकादशीला धान्य चालत नाही. मी गोळी घेतली नाही, सकाळचीही आणि संध्याकाळचीही.

रात्री ताटावरच पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा शर्टावर साबुदाणा होता आणि शेजारीण विचारत होती, "काका, हवे केम छे?"

"मजामां," म्हटलं.

सुनेनं गोळ्यांचं पाकीट पाहिलं. मी कारण सांगितलं.

"म्हणजे काहीच न दिलेल्या उंदरांत तुम्ही आपणहून जाऊन बसलात."

"मी उपास पाळला."

"त्यांना निदान उपास नसतो, बाबा."

किल्ली पुन्हा लांब गेली.

पुढच्या एकादशीला तिनं ताटात रताळ्याशेजारी गोळी ठेवली. "कंपनीत फोन केला होता मी. यातला स्टार्च बटाट्याचा आहे."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं ताटाकडे पाहिलं. बटाट्याच्या स्टार्चची गोणी मी उभ्या नोकरीत उतरवलेली नाही. पण सगळेच कारखाने काही मी पाहिलेले नाहीत. बटाटा उपासाला चालतो. गोळी घेतली.

स्कूटर अंगणात उभी आहे. सकाळी सून किल्ली देते. मी स्टँडवरच चालू करतो, थोडा वेळ वर बसतो, बंद करतो आणि किल्ली तिच्या हातात देतो.