कॉलरला दात लागला नाही

भुजंगराव सुत्रावे गेल्या महिन्यात वारले. विठ्ठल मंदिरात शोकसभा झाली. जो उठला त्याने त्यांच्या नजरेचे गुणगान केले. "माणूस उंबरा ओलांडून आत येईस्तोवर भुजंगरावांचं माप घेऊन झालेलं असे," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "केसभर शिवण वाकडी गेली तरी त्यांना दिसे." मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो. शेवटी समाजाच्या वार्षिक अंकात त्यांचे चरित्र मी लिहावे असे ठरले. मी त्यांचा मेहुणा, आणि सगळा जन्म कचेरीत गेल्यामुळे माझे लिहिणे नेटके असते, असे मंडळींचे म्हणणे. तर नेटके लिहितो. त्यांच्या नजरेविषयीच लिहितो.

भुजंगराव म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात जन्मले आणि तिथेच वाढले. वडील शिंपी, आजोबा शिंपी. दुकान आणि घर एकाच छपराखाली: पुढे शिवणकामाची खोली, मध्ये माजघर, मागे चूल. शाळेत ते गेले नाहीत, पण कात्री हातात आली तेव्हापासून त्यांनी एकही कापड वाया घालवले नाही, असे त्यांचे वडीलच सांगत. दारू नाही, तंबाखू नाही, एकादशी चुकवली नाही. माझी थोरली बहीण सोयरा त्यांना दिली, तेव्हा आमच्या घरी सगळ्यांना वाटले, मुलीने नशीब काढले.

त्यांचे नाव झाले ते दरबारी कोटामुळे. नवरात्रात राजवाड्यात दरबार भरे. तिथे अधिकाऱ्याला काळ्या बनातीचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, लांब, बंद गळ्याचा कोट घालूनच जावे लागे. त्या कोटाची कॉलर ताठ उभी हवी. माणूस मान झुकवील, कॉलर झुकता कामा नये. भुजंगरावांच्या कॉलरी रात्रभर दरबारात बसूनही मोडत नसत. त्यांची युक्ती साधी होती. कॉलरच्या आतल्या कॅनव्हासला ते तांदळाच्या पिठाची खळ थरावर थर देऊन लावत आणि प्रत्येक थर इस्त्रीने वाळवत. ही खळ सोयराअक्का शिजवी. मागच्या खोलीत, चुलीपाशी, मोठ्या पातेल्यात ढवळत बसे. तयार कॉलरी तिथेच दोरीवर टांगलेल्या असत आणि ती त्यांच्याखालीच झोपे.

पण तांदळाची खळ उंदरांनाही आवडते. दरवर्षी नवरात्राच्या तोंडावर सकाळी एखादी कॉलर कुरतडलेली सापडे आणि मग भुजंगरावांचा तो दिवस जळे. सापळे लावले, मांजर पाळले, दोरीला कडुनिंबाचा पाला बांधला. सकाळी उठले की देवाआधी ते कॉलरी बघत. एकेक कॉलर उजेडात धरून कडेवरून बोट फिरवत आणि दाताची खूण शोधत.

आता मुद्द्याच्या सालाकडे येतो. मी तेव्हा बंगळुरास हिशेबाचे आणि टाइपरायटिंगचे शिक्षण घेत होतो. म्हैसुरात त्या पावसाळ्यात पुन्हा प्लेग आला होता. त्या काळी शेंबड्या पोरालाही एक गोष्ट ठाऊक होती. घरात उंदीर मरून पडला की घर सोडायचे. बन्नूरला आमच्या मामाच्या वाडीत एक उंदीर पडला तर सगळी वाडी भांडीकुंडी घेऊन मळ्यात राहायला जाई. म्हैसुरातही गल्ल्याच्या गल्ल्या गावाबाहेरच्या शेडमध्ये गेल्या होत्या. हे कुणी कुणाला शिकवावे लागत नव्हते.

नवरात्र बसायच्या आधी मी सुटीला आलो. स्टेशनवरून सरळ अक्काकडे गेलो. दारातच थबकलो. आत ऊद जाळला होता, भरपूर, देवळातही जाळत नाहीत इतका. त्या धुराच्या खालून दुसरा वास येत होता. गोडसर, ओला, घशाला चिकटणारा. मी नाकाला उपरणे लावले. आत तीन कारागीर काळ्या बनातीवर वाकून बसले होते आणि मधोमध भुजंगराव, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या.

"काय गुंडू, कधी आलास? पाय सांभाळ, बनातीवर नको," ते टाचण्यांमधून बोलले.

"भावजी, हा वास कसला?"

"ऊद आहे. सोयरा म्हणते वास येतो, म्हणून लावला. मी एकेक कोट हुंगून बघितला, कापडाला काही लागलेलं नाही." मग टाचण्या काढून हसले. मला हाताला धरून मागच्या दोरीपाशी नेले. "हे बघ. महिना झाला, एकाही कॉलरला दात लागला नाही. एकाही! जन्मात असं झालं नव्हतं. विठ्ठलाची कृपा."

"मग उंदीर गेले कुठे?"

"गेले तिकडे गेले. साकु, पुरे! आपल्याला काय करायचंय? कड बघ, कड!"

त्यांच्या डोळ्यांत खरेच पाणी होते. मी कॉलर बघितली. सुंदर होती. तिच्यामागे भिंतीवर माश्या काळ्या घोसासारख्या बसल्या होत्या. त्यांच्याकडे भुजंगरावांचे लक्ष नव्हते, कारण माश्या कॉलरवर बसत नव्हत्या.

सोयराअक्का चुलीपाशी होती. कारागिरांना ऐकू जाऊ नये म्हणून ती हळू बोलली.

"कौलाखाली मेलेत रे. काल दोन खाली पडले. केरसुणीनं लोटून टाकले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, बरं झालं, आता कॉलरी वाचल्या."

"आणि तू इथंच झोपतेस?"

"अय्यो, कुठं झोपू? खळ करपेल की." ती हसली, मग हसणे थांबवून म्हणाली, "मला भीती वाटते, गुंडू. तू सांग त्यांना. बाईमाणसाचं बोलणं वाऱ्यावर जातं, पुरुषाचं ऐकतील. आपण मामाकडे बन्नूरला जाऊ. चार दिवस का होईना."

मी म्हटले, आजच सांगतो. आणि सांगायला चांगली संधीही चालून आली. दुपारी नरसिंहमूर्ती म्हणून एक अधिकारी कोट घालून बघायला येणार होते. प्लेगच्या घरांची तपासणी ज्यांच्या हाताखाली होती, त्यांतलेच हे एक. त्यांच्या एका सहीने गल्ली रिकामी होई. मी मनात म्हटले, भुजंगरावांना दिसत नसेल तर नसो, यांना तर हेच बघायचा पगार मिळतो.

मूर्ती आले. दारात अत्तर लावलेला रुमाल नाकाशी धरला आणि आत आले. खंडोजी नावाच्या कारागिराने समोर आरसा धरला. मूर्तींनी कोट चढवला, गळा बंद केला आणि हनुवटी वर केली. भुजंगराव कॉलरवर डोळे लावून त्यांच्याभोवती फिरू लागले. बाकीचे दोघे खाली अंथरलेल्या बनातीवर खडूने रेघा ओढत होते. खोली लख्ख उजेडाची होती. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे काही जण म्हणाले, अंधार असेल.

माजघराच्या दारातून उंदीर आला. धावत नाही, चालत आला. दारुड्यासारखा झोकांड्या खात बनातीवर चढला. अंग ओले, केस उभे, तोंडापाशी लाल. खडूच्या रेघेवरून तो चालत गेला, दोन कारागिरांच्या मधून गेला, एकाच्या बोटांना त्याची शेपूट घासली. त्या माणसाने हात जरा बाजूला घेतला आणि रेघ पुढे ओढली. मूर्तींच्या पायाशी येऊन उंदीर गोल फिरला आणि आडवा झाला. मूर्तींनी पाय उचलला, थोडा पलीकडे ठेवला आणि आरशात बघत म्हणाले, "डावीकडे जरा आवळतंय, नाही?"

भुजंगरावांनी कॉलरवरची नजर न काढता हातातल्या मापाच्या गजाने उंदीर कोपऱ्यात उडवला. "खडू पुसला गेला," ते म्हणाले. "रेघ परत ओढा रे."

मी ओरडलो, "भावजी, उंदीर!"

"कुठं?"

"आत्ता तुम्ही गजानं उडवलात तो!"

त्यांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावे तसे बघितले. "मी? मी चिंधी बाजूला केली."

मी खंडोजीकडे वळलो. "तू तरी बघितलास ना?"

"मी आरसा धरलाय, अण्णा. साहेबांच्या गळ्याकडे बघतोय."

ते खोटे बोलत नव्हते. ते खोटे बोलत असते तर मला राग आला असता आणि मामला तिथेच मिटला असता. पाच माणसांच्या मधून तो घाणेरडा जीव चालत गेला, मेला, आणि त्यांच्यातल्या एकानेही त्याला पाहिले नाही. मला त्या उंदरापेक्षा त्या स्वच्छ, मन लावून काम करणाऱ्या चेहऱ्यांची शिसारी आली.

उंदीर हा शब्द मूर्तींनी मात्र ऐकला. ते दचकले आणि त्यांनी दोन्ही हातांनी कॉलर चाचपली. "कुरतडली की काय? नोडी, नीट बघा!"

"नाही स्वामी," भुजंगराव अभिमानाने म्हणाले. "यंदा एकालाही दात नाही."

मी कोपऱ्यातल्या उंदराकडे बोट दाखवले आणि मूर्तींना म्हटले, हे घर आजच्या आज रिकामे करवा, माझी बहीण मागे झोपते. ते अजून आरशातच होते. "दसरा होऊ दे. मग कचेरीत लेखी द्या," ते म्हणाले, आणि भुजंगरावांना, "डावीकडचं तेवढं सैल करा."

मी मागे गेलो आणि अक्काला म्हटले, बांध गाठोडे. तिने लुगडी बांधली, लहानसा विठोबा गुंडाळला. मी टांगा बघायला निघालो. तेवढ्यात भुजंगराव आत आले.

"हे काय, कुठं निघालीस?"

"बन्नूरला नेतो तिला," मी म्हणालो.

"आज? आणि खळ? मूर्तींची डावी बाजू उसवायची आहे, नवा थर द्यायचा आहे. विजयादशमी झाली की खुशाल जा. मीच सोडायला येईन."

"अहो, उंदीर पडतायत," अक्का म्हणाली.

"पडू देत! दोरीवर चढत होते तेव्हा तूच रडत होतीस ना?"

अक्काने माझ्याकडे बघितले. मग पदर खोचून पातेले चुलीवर ठेवले. "आजची खळ करून देते, गुंडू. उद्या सकाळी टांगा आण. एका रात्रीनं काय होतंय?"

मी तिचा हात ओढला. तिने सोडवून घेतला. तिलाही आता पातेलेच दिसत होते. खळ ढवळायची थांबली की गुठळी होते.

सकाळी टांगा घेऊन आलो तेव्हा ती माजघराच्या खांबाला टेकून बसली होती. चेहरा तापलेला, डोळे लाल, आणि उजवा हात अंगापासून दूर धरलेला. काखेत काय आहे हे मला बघावे लागले नाही. मी तिला उठवले. ती माझ्या खांद्यावर भार टाकून पुढच्या खोलीतून चालली. बनातीला वळसा घालताना तिचा तोल जात होता, तरी पाय बनातीवर पडू देत नव्हती. भुजंगराव उठले. मला वाटले, आता बघतील. ते आले, तिच्यासमोर उभे राहिले आणि वरपासून खालपर्यंत त्यांनी तिला न्याहाळले.

"पदर उसवलाय तुझा," ते म्हणाले. "थांब, दोन टाके घालतो."

आणि त्यांनी घातले. माझी बहीण तापाने थरथरत उभी होती आणि तिचा नवरा तिच्या पदराला टाके घालत होता. टाके फार बारीक होते. ते पुढे मला दिसले, कारण त्याच लुगड्यात ती गेली. बन्नूर राहिलेच. टांगा गावाबाहेरच्या शेडकडे वळवावा लागला. दरबाराचे दिवस संपायच्या आत सगळे संपले. भुजंगराव दोनदा येऊन गेले. रडले. ते रडणेही खरे होते. मूर्तींच्या कोटाची दरबारात वाहवा झाल्याचे मी शेडच्या दारात उभा असताना ऐकले.

नंतर घर रिकामे झाले. कौले उतरवली तेव्हा खंडोजी तिथे होता. कॉलरींच्या दोरीच्या बरोबर वर उंदरांचा थर साचला होता, फुगलेला, वळवळता. खंडोजीने भिंतीला धरून ओकारी काढली. "अण्णा, रोज त्याखालून कॉलर काढून आणत होतो," तो मला म्हणाला. "वर बघितलंच नाही. वर काय असतंय कॉलरचं?"

भुजंगरावांनी पुढे खूप वर्षे काम केले. दुसरे लग्न केले नाही. लोक याचेही कौतुक करतात. मी त्यांच्या घरी जाणे सोडले. एकदाच गाठ पडली, समाजातल्या एका लग्नात. म्हातारे झाले होते, पण टेप गळ्यातच होती. लोकांना दरबारी कोटांच्या गोष्टी सांगत बसले होते. मला बघून खुलले.

"गुंडू, ये, ये. तूच साक्षीदार आहेस. सांग यांना, ते एक साल असं गेलं की नाही, की एकाही कॉलरला दात लागला नाही?"

"त्याच साली सोयराअक्का गेली," मी म्हणालो.

भुजंगरावांनी मान हलवली. "हो. त्याच साली," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा कापला. मग त्यांचे डोळे माझ्या खांद्यावर येऊन स्थिरावले, बारीक झाले, आणि त्यांनी हात पुढे केला.

"तुझा कोट उजवीकडे चढतोय रे. कुणी शिवला?"

मी कोट काढला, हातावर घेतला आणि पंगत बसायच्या आत तिथून निघालो.