गेटवरचा शेरा

वॉचमनने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. सोसायटीच्या गेट-अ‍ॅपवर माझा फोटो, खाली लाल पट्टी. "मावशी, तुमची एन्ट्री बंद केलीय." मी विचारलं, का? चोरी झाली का कुठे? त्याला वाचायचं नव्हतं. पण मागे गाड्या खोळंबल्या होत्या, हॉर्न वाजत होते. त्याने घाईघाईत मोठ्यानेच वाचलं, "मानसिक आजार आहे. लहान मुलांजवळ ठेवू नये."

शाळेच्या बसची वेळ. गोखिवऱ्याच्या त्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर बायका आपापल्या मुलांची दप्तरं धरून उभ्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं. बी विंगमधली एक छोटी, रोज माझ्याकडून वेणी घालून घेणारी, माझ्याकडे बघून हसली. तिच्या आईने तिला दंडाला धरून मागे ओढलं. सहा वर्षं त्या घराची चावी माझ्या कमरेला होती.

शेरा कुठून आला ते मला तिथेच कळलं. आदल्या रविवारी क्लबहाउसमध्ये कार्यक्रम झाला होता. "बोला, मन हलकं करा" असा बॅनर. कमिटीतल्या एका मॅडमनी तो ठेवला होता, त्यांच्याही घरी मी कामाला. बाहेरून समुपदेशक बाई आल्या होत्या. मी खुर्च्या मांडत होते. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्हीही बोला ना. दुःख सगळ्यांना सारखंच असतं." मी पदराला हात पुसले आणि माईक घेतला. गाढवीण मी. खरंच बोलले.

"भांडी घासताना हात थांबतो. नळाचं पानी वाहत राहतं, आन मला कळत नाय पुढे काय करायचं."

दोन वर्षं झाली, हेही सांगितलं. लोक कारण विचारतात. कारण असतं तर मीच झाडू घेऊन त्याला हाकललं असतं. राजोडीला माझं माहेर. दोनदा तिथल्या किनाऱ्यावर जाऊन उभी राहिले, परत यायचं नाही असं ठरवून. दुसऱ्या वेळी भावजयीने मागून हाक मारली, जेवायला चल म्हणाली, म्हणून फिरले. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तिथे सांगितलं.

लोक रडले. टाळ्या वाजल्या. मॅडमनी मला मिठी मारली, त्या मिठीचा फोटो निघाला. समुपदेशक बाईंनी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली, गुरुवारी या म्हणाल्या. गुरुवारची सुट्टी कशाला हवी, ते मी मॅडमना खरं सांगितलं. दवाखान्यात गेले, गोळ्या सुरू झाल्या. शुक्रवारी गेट बंद.

दोन तास बाहेर उभी होते. माझी चारही घरं त्या गेटच्या आत. नवऱ्याचं काम सुटलेलं, मुलगी बारावीला. मग ऑफिसात बोलावलं. सेक्रेटरी होते, मॅडम होत्या. मी मांडलेल्या खुर्च्या कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या. बस, असं कुणी म्हणालं नाही. माईकवर मला 'तुम्ही' म्हणणाऱ्या मॅडम आता 'तू'वर आल्या होत्या. टाइप केलेला कागद त्यांनी पुढे सरकवला.

"सही कर. त्या दिवशी बोललीस ते खोटं होतं, एवढंच लिहिलंय. एन्ट्री लगेच चालू करतो."

मी पेन घेतलं. हे लपवणार नाही. मुलगी डोळ्यांसमोर आली आणि मी सहीचं पहिलं अक्षर काढलंसुद्धा. मग हात थांबला, भांडी घासताना थांबतो तसाच. ते खोटं, तर किनाऱ्यावर उभी होती ती कोण होती?

"मॅडम, खोटं होतं तर तुम्ही रडल्या कशाला?"

"अगं, तो कार्यक्रम होता."

चिडून नाही म्हणाल्या. लहान मुलाला समजावतात तसं म्हणाल्या.

तिथे माझं डोकं ठिकाणावर आलं. यांना आमचं दुःख ऐकायचं असतं, पण रविवारी. टाळ्या वाजवून संपेल एवढंच. तेच दुःख दुसऱ्या दिवशी भांडी घासायला दारात आलं की यांना त्याची भीती. कुणाच्या कपाटात कसल्या गोळ्या आहेत ते मला ठाऊक आहे, कपाटं मीच पुसते. मी कधी कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या फोटोखाली कुणी शेरा मारत नाही. त्यांना स्ट्रेस असतो. आम्हाला वेड लागतं.

मी काढलेलं अक्षर गिरवून खोडलं. "मी बोलले ते खरं हाय. सही नाय करनार."

घरं गेली. आजूबाजूच्या सोसायट्यांतही तोच शेरा पोचला. आता एका गाळ्यात पाकिटं भरते, काम कधी असतं, कधी नसतं. सकाळी उठवत नाही. गोळ्या घेऊनही काही दिवस ओली गोधडी अंगावर टाकल्यासारखे जातात. मुलगी माझ्याशी नीट बोलत नाही. एक सही केली असतीस तर, एवढंच म्हणते.

महिन्यापूर्वी माणिकपूरच्या बाजारात त्याच कॉम्प्लेक्समध्ये काम करणारी एक बाई भेटली. मला आडोशाला घेऊन म्हणाली, "मलापन होतं तसं. पन तुझं काय केलं ते बघितलं ना. मी बोलनार नाय." तिचे डोळे मी ओळखले. आरशात रोज बघते. तिचं नाव सांगणार नाही, नावाचं काय करतात ते मला माहीत आहे. रात्रभर जळत होते. माझी घरं गेली ती गेली, पण त्या एका ओळीने हिचं तोंड शिवलं.

म्हणून दर गुरुवारी दवाखान्यात जाण्याआधी मी त्या गेटसमोर थांबते, बसच्याच वेळेला. रस्ता काही त्यांच्या बापाचा नाही. वॉचमन नजर चुकवतो. कुणी विचारलं, मावशी, इकडे कुठे, की सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते, "डोक्याच्या डॉक्टरकडे चाललेय. कोनाला यायचं तर या."

तीन गुरुवार झाले. ती बाजारात भेटलेली बाई येते, मान खाली घालून कामाला आत जाते. मी बस जाईपर्यंत उभी राहते. पुढच्या गुरुवारीही राहीन. दवाखान्याच्या रांगेत ती माझ्या पुढे उभी दिसेपर्यंत मी त्या गेटसमोर उभं राहणं सोडणार नाही.