वास कुणाच्या घरचा

पनवेलजवळ नावड्यात आमचे एकाच इमारतीत दोन फ्लॅट आहेत. दुसऱ्या मजल्यावर आई आणि मी राहतो, तिसऱ्यावरचा भाड्याने देतो. मागे तिथे टांझानियाची एक मुलगी राहायला आली. इथल्या एका कॉलेजात फार्मसी शिकायला आलेली.

तिला इथलं काय खुपतं, ते तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं. उकाडा नाही, तिखटही नाही. तिच्या गावी दुकानात शिरलं की आधी विचारतात, रात्र कशी गेली, घरचे बरे आहेत ना, मीठ-साखर त्यानंतर. इथे तिने वाण्याची अशी विचारपूस केली तर तो म्हणाला, "क्या चाहिए?" लिफ्टमध्ये ती प्रत्येकाला नमस्ते म्हणायची. उत्तर कुणी देत नसे, पण न विचारता तिच्या केसांना हात मात्र लावून बघत. एका बाईने तर आपल्या मुलाला तिच्या शेजारी उभं करून फोटो काढला.

"तुमच्याकडे पाहुण्याला असं हात लावून बघतात?" तिने मला विचारलं.

मग एका दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी आमच्या दारात आले.

"काकू, तुमच्या भाडेकरूला जरा सांगा. जिन्यात मच्छीचा वास मारतोय. कंप्लेंट आल्यात."

आई सुकट परतत होती. उलथणं हातात घेऊन तशीच बाहेर आली. "ती सकालीच कॉलेजला गेली हाय. वास माजे घरचा हाय."

सेक्रेटरी हसले. "तुमचं वेगळं हो काकू. तुम्ही इथल्याच."

ही इमारत आमच्या भातशेतावर उभी आहे, म्हणून आमची सुकट यांना चालते. वास तोच, जिनाही तोच; नाक मुरडायचं ते माणूस बघून.

पुढच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी ठराव मांडला, परदेशी विद्यार्थी भाडेकरू म्हणून ठेवायचे नाहीत. मी उभी राहिले. "तुमचा मुलगा कॅनडात भाड्यानेच राहतो ना?"

त्यांचा चेहरा एकदम हळवा झाला. "त्याचंच तर टेन्शन आहे. फोडणी दिली की घरमालकीण ओरडते. काय कोत्या मनाची माणसं असतात." आणि त्याच दमात, "चला, ठरावाला हात वर करा."

भराभर हात वर झाले. कुणाला काही वाटलं नाही.

"माजे घरान कोनाला ठेवायचा ता मी ठरवनार," आई म्हणाली आणि उठून आली.

आम्ही तिला काढलं नाही. मग वॉचमन तिला रोज गेटवर अडवून ओळखपत्र मागू लागला. डिलिव्हरीवाले बिनधास्त आत जायचे. ही उन्हात बॅग उपसत उभी. मी दोनदा भांडले. "नियम आहे मॅडम," एवढंच उत्तर मिळालं. सेमिस्टर संपल्यावर तिने खारघरला तिच्या देशातल्या मुलींसोबत खोली घेतली.

सामान टेम्पोत चढलं तेव्हा ती मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा निरोप घ्यायला गेली. न सांगता जाणं तिच्या रीतीत बसत नव्हतं. मी मागे उभी होते. तिने बेल वाजवली. आतल्या टीव्हीचा आवाज बारीक झाला, दार उघडलं नाही. दुसऱ्या दारीही तेच. ती थोडा वेळ थांबली, मग माझा हात धरून खाली आली.

टेम्पो गेल्यावर मी सेक्रेटरींच्या दारात गेले आणि इतके दिवस गिळलेलं सगळं बोलले. खालीवर सगळ्या मजल्यांना ऐकू गेलं असेल. आई जिन्यात उभी होती. तिने मला अडवलं नाही.