लिंकनची उंची

बाबा माझ्याकडे रॉटरडॅमजवळच्या कापेलला आले तेव्हा आईला जाऊन सात महिने झाले होते. त्यांना यायचं नव्हतं. भावाने पुण्यातून तिकीट काढलं, व्हिसाचे कागद मी इथून पाठवले, आणि बाबांनी फोनवर एवढंच विचारलं की तिकडे थंडी किती असते. मी म्हटलं, मे महिन्यात फार नसते. ते म्हणाले, "बरं." आई गेल्यापासून त्यांचं बहुतेक बोलणं या एका शब्दातच आटपत होतं.

बाबा पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते. कालवा कुठून न्यायचा, पाणी आपोआप उतरत जाईल असा उतार कुठे मिळेल, हे डोंगराच्या कडेकडेने लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावत शोधायचं, हे त्यांचं काम. माझ्या लहानपणी बाबा म्हणजे शनिवारी संध्याकाळी येणारे आणि सोमवारी पहाटे जाणारे गृहस्थ. कॅनव्हासचे बूट, त्यांना लागलेली तांबडी माती, आणि पिशवीत रबर बँड लावलेली लेव्हल बुकं, म्हणजे मोजणीच्या वह्या. घर आईने चालवलं. आमच्या शाळा, आजारपणं, गॅसचा नंबर, सगळं तिनेच पाहिलं. बाबांच्या कॅम्पबद्दल ती नेहमी वैतागूनच बोलायची.

मी इथे आले ती नवऱ्याच्या नोकरीमागे. पहिली चार वर्षं घरातच गेली. मग डच शिकले, आणि रॉटरडॅमला एका छोट्या कंपनीत लागले. आम्ही पुराच्या धोक्याचे नकाशे करायचो. बाबा आले तेव्हा माझ्याकडे ब्रिटनचं काम होतं. तिथल्या एका विमा कंपनीला शहरांच्या आणि परगण्यांच्या उंचीचा तक्ता हवा होता. प्रत्येक नावापुढे एक आकडा. आकडे दोन-तीन ठिकाणांहून यायचे, ते ताडून बघणं माझ्याकडे.

पहिले आठ दिवस बाबा खिडकीपाशी बसून होते. समोर रस्ता, त्यापलीकडे बांध, बांधामागे पाणी. नवव्या दिवशी ते म्हणाले, "हे पाणी रस्त्याच्या वर आहे."

"हो."

"मग आपण कितीवर आहोत?"

"समुद्राच्या पातळीच्या पाचेक मीटर खाली," मी म्हटलं. "जवळच देशातली सगळ्यात खोल जागा आहे. तिथे तर साडेसहाच्याही खाली."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "आणि तुम्ही झोपता कसे?"

"पंप चालू असतात, बाबा."

"वीज गेली तर?"

"जात नाही."

"बरं," ते म्हणाले, पण त्यांना ते पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच बाहेर पडले आणि दीड तासाने आले. पंपाचं घर कुठे आहे ते शोधून काढलं होतं. एका माणसाला खुणा करून विचारलं म्हणे. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी घराबाहेरच्या कुणाला काही विचारलं होतं.

त्याच आठवड्यात लिंकनचा घोळ झाला. इंग्लंडच्या पूर्वेला लिंकन नावाचं जुनं शहर आहे. माझ्याकडच्या एका यादीत त्याची उंची सात-आठ मीटर होती, दुसऱ्या यादीत साठाच्या पुढे. माझ्या डच मॅनेजरने सांगितलं, सरासरी काढ आणि पुढे चल. मी काढली. दोन दिवसांनी विमा कंपनीकडून तिथल्या बाईंचं उत्तर आलं. त्या स्वतः लिंकनच्या होत्या, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी एकच ओळ लिहिली होती: हे माझं गाव नाही.

मी घरून काम करत होते. वैतागून स्वतःशीच काहीतरी बोलले असेन. बाबांनी विचारलं, "काय झालं?"

मी सांगितलं. सांगताना वाटत होतं की हे उगाच, यांना काय त्याचं. पण ते उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"त्यांचा शून्य कुठला?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"उंची कशापासून मोजतात? आपल्याकडे समुद्राची सरासरी पातळी धरतात. यांची कुठली?"

ब्रिटनमध्ये कॉर्नवॉलच्या एका बंदरावरून धरतात, आणि इथे ॲमस्टरडॅमची पातळी, एवढं मला माहीत होतं. पण त्या दोन्हींत फरक अगदी थोडा. बाबांनी मान हलवली. "म्हणजे तो दोष नाही. मग सांग, स्टाफ कुठे धरला होता?"

स्टाफ म्हणजे ती आकडे लिहिलेली उंच पट्टी. लांब उभा राहून सर्व्हेअरचा मदतनीस, ज्याला खात्यात खलाशी म्हणतात, ती धरतो आणि इकडून सर्व्हेअर दुर्बिणीतून वाचतो. मी दोन्ही याद्यांचे अक्षांश-रेखांश काढले आणि नकाशावर टाकले. एक बिंदू पडला रेल्वे स्टेशनजवळ, खाली नदीपाशी. दुसरा वर टेकडीवर, कॅथेड्रलच्या दाराशी. दोन्ही आकडे बरोबर होते.

"आणि तू सरासरी काढलीस," बाबा म्हणाले. "ती उताराच्या मधोमध येणार. तिथे कोण राहतं?" आणि ते हसले. आवाज न करता, खांदे हलवत हसायची त्यांची सवय मी विसरून गेले होते.

मी त्या बाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि चूक मान्य केली. स्टाफ कुठे धरला होता हा प्रश्न माझ्या वडिलांचा, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते तिथे आहेत का? त्यांना बोलवा."

बाबा संकोचले. त्यांचं इंग्रजी खात्यातल्या पत्रव्यवहाराचं, बोलायची सवय नाही. पण ते स्वेटर नीट करून येऊन बसले. बाईंनी आपला लॅपटॉप उचलून खिडकीशी नेला. घरांची लाल कौलं एकावर एक चढत गेलेली, आणि सगळ्यांच्या वर कॅथेड्रलचे मनोरे. मधून एक दगडी रस्ता वर जातो, त्याचं नावच 'स्टीप हिल'. इतका उभा की कडेला धरायला लोखंडी कठडा लावला आहे.

"वन इन?" बाबांनी विचारलं. किती अंतराला एक मीटर चढ, असं त्यांना म्हणायचं होतं.

बाईंना ते लगेच कळलं. "सर्वांत वाईट भागात सातास एक," त्या म्हणाल्या. "गुडघ्यांना विचाराल तर तिनास एक."

बाबांनी वहीत ते लिहून घेतलं. मग जवळजवळ वीस मिनिटं ते दोघं बोलत होते आणि मी बाजूला बसून होते. त्या सांगत होत्या की लिंकनमध्ये अजूनही माणसं वरची आणि खालची अशी ओळखली जातात. त्यांचा जन्म खालचा, पण लग्नानंतर त्या वर राहायला गेल्या, तेव्हा त्यांची आई म्हणाली होती, आता तू आम्हाला भेटायला उतरत येशील आणि जाताना दमशील. बाबांनी मला मराठीत सांगितलं, "यांना म्हणावं, गावाला एक उंची नसते. तुमच्या तक्त्यात दोन रकाने करा, सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा. आणि तिसरा, लोक जास्त कुठे राहतात त्याचा."

मी भाषांतर केलं. बाई म्हणाल्या, "अगदी हेच मी वर्षभर सांगते आहे." मॅनेजरने आधी नाही म्हटलं, काम वाढेल म्हणून. मग बाईंनी विमा कंपनीकडून रीतसर मागणी केली आणि तीन रकाने झाले. शेफील्ड, हॅलिफॅक्स, एडिंबरा, बाथ, सगळ्या चढउताराच्या गावांचा तक्ता मी पुन्हा केला. बाबा रोज माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे. खिडकी सुटली ती सुटलीच.

जूनमध्ये बाबा म्हणाले, "मला एकदा चढ दाखव." त्यांच्या व्हिसावर इंग्लंडला जाता येणार नव्हतं. इथे चढ हवा तर दक्षिणेला जावं लागतं. आम्ही दोघं ट्रेनने मास्ट्रिख्टला गेलो, एक रात्र राहिलो, आणि सकाळी बसने फाल्सला. तिथे जर्मनी आणि बेल्जियमच्या सीमेला लागून एक टेकडी आहे, सव्वातीनशे मीटरची. डच लोक तिला डोंगर म्हणतात. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे ठीक आहे. माझ्या वयाला एवढंच हवं."

रस्ता झाडीतून वर जातो. आम्ही सावकाश चाललो. अर्ध्या वाटेवर एक बाक होतं, तिथे ते टेकले. मी डब्यातून पराठे काढले. ते खाता खाता बाबा अचानक म्हणाले, "तुझ्या आईने माझा स्टाफ धरला होता, ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक नव्हतं.

"लग्नाला वर्षही झालं नव्हतं. भोरच्या बाजूला कॅम्प होता. ती चार दिवस राहायला आली होती. माझ्या खलाशाला ताप भरला. दुसरा माणूस मिळेना, आणि वरून साहेबांची घाई. तर ती म्हणाली, मी धरते. दोन दिवस तिने स्टाफ धरला. उन्हात, काट्याकुट्यात."

"आई?"

"हो. जुन्या लेव्हलच्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं. त्यामुळे ती मला डोकं खाली पाय वर अशी दिसायची, आणि पदर वाऱ्याने आकाशाकडे लोंबतोय. मला हसू यायचं. ती लांबून हाक मारायची, सरळ आहे ना हो? मी म्हणायचो, सरळ आहे. पट्टी तिने जराही हलू दिली नाही. शेवटी सुरुवातीच्या जागी परत येऊन आकडे जुळवून पाहिले तर दोन मिलिमीटरचा फरक. एवढं स्वच्छ काम माझ्या खलाशाकडूनही झालं नसतं."

आईच्या तोंडून मी कॅम्पबद्दल फक्त तक्रारीच ऐकल्या होत्या. कंदील, विंचू, दूध नासणं. तिला ते दोन दिवस आठवत असायचे का, हे विचारायला आता कुणी नव्हतं.

"बुकात नाव खलाशाचंच लिहिलं," बाबा म्हणाले. "बायकोचं लिहिता येत नव्हतं. नियमात बसलं नसतं. तिने विचारलंही नाही कधी. पण ते राहून गेलं."

त्यांनी डोळे पुसले, तेही चष्म्याच्या काचा पुसत असल्यासारखे. मग आम्ही उठलो आणि वरपर्यंत गेलो. तीन देश जिथे मिळतात तिथे एक दगड आहे. शाळेची सहल आलेली होती, दगडाभोवती गोंगाट चालला होता. बाबा थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, चल, बस चुकेल.

ऑगस्टमध्ये ते पुण्याला परत गेले. जाताना त्यांनी माझ्याकडून ब्रिटनच्या सगळ्या परगण्यांची यादी छापून घेतली. त्यानंतर दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा आणि आम्ही एक परगणा घ्यायचो. मी सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची जागा सांगायची, ते नकाशात शोधायचे. केंब्रिजशरमध्ये समुद्राच्या पातळीखालचा तुकडा निघाला तेव्हा ते खूश झाले. "म्हणजे तिकडेही तुझ्यासारखे लोक आहेत." डेव्हन त्यांना आवडलं. नॉरफोकच्या सर्वांत उंच जागेबद्दल ते म्हणाले की आमच्या पुण्याच्या वेताळ टेकडीपुढे हे काहीच नाही. फोन ठेवताना पूर्वी ते 'बरं' म्हणायचे, आता म्हणायचे, पुढच्या वेळी कुठला?

असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात बाबा गेले. झोपेत, शांतपणे. शुक्रवार होता तो. पुढचा परगणा नॉर्थम्बरलँड होता. मी विमानात बसले तेव्हाही माझ्या फोनमध्ये त्याचा आकडा लिहिलेला होता. ती यादी मी पुढे पुरी केली नाही. कामासाठी सगळे परगणे मला माहीतच आहेत, पण रविवारी सकाळी मी आता ते काढत नाही.

गेल्या वसंतात कामासाठी इंग्लंडला जाणं झालं. एक दिवस काढून मी लिंकनला गेले. त्या बाई आता निवृत्त झाल्या आहेत, मला घ्यायला स्टेशनवर आल्या होत्या. पडद्यावर वाटायच्या त्यापेक्षा बऱ्याच ठेंगण्या. आम्ही स्टीप हिल चढायला लागलो. त्या कठडा धरून, मी रस्त्याच्या मधून.

"वडील कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना कळवलं नव्हतं. कळवायला हवं होतं, पण दर वेळी मेल उघडून मी दुसरंच काही लिहिलं. तिथे चढावर, धाप लागलेली असताना सांगितलं. त्या थांबल्या. पाठीमागून येणारी माणसं आम्हाला वळसा घालून पुढे जाऊ लागली.

"मला ते रोज आठवतात असं म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "पण या रस्त्यावर आठवतात. वीस मिनिटं कुणी माझ्याशी या चढाबद्दल इतकं मन लावून बोललं नव्हतं."

आम्ही वर गेलो. कॅथेड्रलच्या बाजूने किल्ल्याच्या तटावर चढता येतं. तिथून खाली नदी, स्टेशन, आणि त्यापलीकडे सपाट शेतं दिसतात, पार क्षितिजापर्यंत. बाईंनी बोट करून आपल्या आईचं घर दाखवलं. शेवटची दहा वर्षं त्यांची आई वर आलीच नाही म्हणे, गुडघ्यांमुळे. मी त्यांना माझ्या आईबद्दल सांगितलं, भोरच्या उन्हात ती दोन दिवस पट्टी धरून कशी उभी राहिली ते. त्यांनी तिचं नाव विचारलं. मी सांगितलं, त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, दुसऱ्यांदा जवळजवळ बरोबर आलं.

उतरताना चढण्यापेक्षा जास्त त्रास होतो. बाईंनी एका हाताने कठडा धरला आणि दुसऱ्या हाताने माझं कोपर. रस्ता सपाट झाला तरी त्यांनी ते सोडलं नाही, आणि आम्ही तशाच स्टेशनपर्यंत गेलो.