उभ्या दातांची पक्कड

धोंडबा मिस्त्रीच्या हातून स्क्रू बिघडला, असं नंदनवन वस्तीत कोणी सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्यालाच दवाखान्यात नेलं असतं. तीस वर्षं कापडगिरणीत फिटर. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले होते, या माणसाच्या हातून एक स्क्रू वाया गेला नाही. हे वाक्य धोंडबाला इतकं पटलं होतं, की साहेबांच्या वतीनं तोच ते लोकांना ऐकवत असे.

आणि बिघडलेला स्क्रू निघाला घरचाच. बायकोच्या, भीमाबाईच्या शिलाई मशिनीवरचा, सुई धरून ठेवणारा, हरभऱ्याएवढा. सुई मोडून तुकडा आत अडकला होता. भीमाबाई नळावर गेल्याचं पाहून धोंडबानं पेचकस लावला. तो घसरला आणि स्क्रूची खाच गेली. मग पक्कड लावली, तर डोकंही सुपारीसारखं गुळगुळीत झालं. धोंडबा स्वतःच्या हाताकडे बघत राहिला, जसा काही तो शेजाऱ्याचा होता.

"कंपनीनं कच्चा माल टाकला," भीमाबाई आल्यावर त्यानं जाहीर केलं.

"असंल," ती म्हणाली. कोपऱ्यात पांढऱ्या कापडाचा गठ्ठा होता. दसऱ्याला चार दिवस होते. दीक्षाभूमीवर जायला गल्लीतल्या चौदा पोरांचे सदरे तिनं अंगावर घेतले होते आणि शिवून झाले होते तीन. पोरांच्या आया सकाळपासून दोनदा डोकावून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी धोंडबा इतवारीत ताराचंदच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. भीमाबाईही निघाली.

"पक्कड घ्याले तू काहून वं?"

"मशीन माही हाय."

धोंडबाची पक्कड घ्यायची रीत म्हणजे सोयरीक पाहणं. उघडून बघायची, उजेडाला धरून तोंड मिटतं का पाहायचं, खिशातून दुसऱ्यांनी बिघडवलेल्या स्क्रूंची पुडी काढून एकेक पकडून पाहायचा. ताराचंदनं नऊ पकडी मांडल्या. नऊही स्क्रूवरून सरकल्या.

"मिस्त्री, बाजूनं धरा ना," ताराचंद म्हणाला.

"बाजूनं जागा नाही गा. समोरूनच धरा लागते."

भीमाबाईनं एक पक्कड उचलली, तोंडात बोट घालून दात चाचपले. "हिचे दात आडवे हायेत. समोरून धरलं तं स्क्रू ज्या अंगानं फिरते, दात बी त्याच अंगानं पळते. आडवं कापड ओढलं तं वाढते, उभं नाही वाढत. उभ्या दाताची नाही का?"

धोंडबानं ताराचंदकडे पाहिलं. ताराचंदनं धोंडबाकडे पाहिलं. तीस वर्षांचा फिटर आणि तीस वर्षांचा दुकानदार, दोघांचंही तोंड त्या पकडींसारखंच उघडं होतं.

"आहे एक," ताराचंद कसाबसा म्हणाला आणि भंगाराच्या पेटीत खांद्यापर्यंत हात घातला. "पण बाई, ही खराब पीस आहे. कारखान्यात दात चुकून उभे पडले. परत करायची राहिली."

"द्या थेच."

खराब पीस घेणारं गिऱ्हाईक धोंडबानं जन्मात पाहिलं नव्हतं. ते आपल्याच घरात राहतं, हे कळल्यावर तो परतीच्या वाटेवर पक्कड पुन्हापुन्हा उजेडाला धरून पाहत चालला.

घरी त्यानं पक्कड समोरून लावली. दात रुतले. हात जरा डावीकडे वळला, कट् झालं, आणि स्क्रू अर्धा आटा सरकला. नंतर तो बोटानंच निघाला. धोंडबाला घाम फुटला. आनंदाचा म्हणावा, तर चेहरा तसा नव्हता.

"आता नवा स्क्रू आणा लागते," तो आवाज सावरून म्हणाला.

भीमाबाईनं बटणांचा डबा उघडला. कागदाच्या पुडीत नवा कोरा स्क्रू होता.

"हा कवा आणला?"

"मागल्या महिन्यात. तुम्ही मशीन साफ केली न, तवा जुना स्क्रू गिरणीच्या हातानं आवळला. मी तवाच म्हटलं, हा काही आता सरळ निघत नाही."

धोंडबा खाली बसला. हातातली पक्कड त्यानं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

तिनं मोडका तुकडा काढून नवी सुई बसवली, स्क्रू दोन बोटांनी कसला, तेवढाच. चौथ्या सदऱ्याची बाही सुईखाली सरकवली आणि मशीन चालू झाली.

"चहा ठेवला हाय," ती मान वर न करता म्हणाली. "कंपनीले म्हणा, पिऊन घ्या."